वीस वर्षांत काही झालं नाही

ह्यूस्टनच्या ज्या कारखान्यात माझी नोकरीची वर्षं गेली तिथे तेलविहिरींसाठी व्हॉल्व्ह बनत, आणि ते नापास करण्याचा मला पगार मिळे. ‘आजवर एकही तक्रार नाही,’ असं एखादा पुरवठादार म्हणाला की मी विचारायचो, किती नग तपासले? किती दाबाला? कागद दाखवा. शनिवारी नेमबाजीच्या रेंजवर जाताना मात्र हा माणूस मी घरीच ठेवून जायचो.

माझं पिस्तूल १९११ जातीचं. जॉन ब्राउनिंगची ही रचना अमेरिकी लष्कराने १९११ साली स्वीकारली. निवडचाचणीत एका पिस्तुलातून ६,००० गोळ्या झाडल्या, तापलं की पाण्यात बुडवलं, आणि ते एकदाही अडलं नाही. ही गोष्ट मी अशी सांगायचो की जणू बादली धरून मीच उभा होतो. तेवढ्यावर माझं पिस्तूल जन्मभर टिकणार हे सिद्ध! ते बनलं होतं कित्येक दशकांनंतर, दुसऱ्याच कारखान्यात. त्यातून किती गोळ्या गेल्या याची वही मी कधी ठेवली नाही. मध्येच एकदा एक्स्ट्रॅक्टर बदलावा लागला होता, तो ‘किरकोळ’ म्हणून हिशेबाबाहेर.

जानेवारी २०१७ मध्ये लष्कराने सिग सॉअरच्या पी-३२० वर बेतलेलं पिस्तूल निवडलं, तेव्हा ‘लष्कराने तपासलंय’ हे माझं नवं हत्यार झालं. ऑगस्टमध्ये बाहेरच्यांनी केलेल्या चाचण्यांत दिसलं, की बाजारातलं पी-३२० विशिष्ट कोनात पाठीवर पडलं तर ट्रिगरला बोट न लागता गोळी सुटू शकते. कंपनीने मोफत बदल करून देऊ केले. नेहमीच्या मानक चाचण्या ते उत्तीर्ण झालेलं होतं. नेमका तो कोन त्यांत नव्हता. त्या शनिवारी मी हवामानावर बोललो.

इथवर नुकसान फक्त माझ्या अब्रूचं होतं.

मराठी मंडळात ओळख झालेल्या एका तरुणाने नुकतंच पिस्तूल घेतलं होतं. ‘काका, होल्स्टर कुठलं घेऊ?’ शेजारी एक निवृत्त डेप्युटी शेरीफ होते. ते म्हणाले, कायडेक्सचं घे. कडक प्लास्टिक असतं, तोंड मिटत नाही. मी माझं कमरेच्या आत खोचायचं चामडी होल्स्टर दाखवलं. वापरून मऊ झालेलं, अंगाला न टोचणारं. म्हटलं, ‘वीस वर्षांत काही झालं नाही.’ डेप्युटी गप्प बसले. मला वाटलं, पटलं. तरुणाने तसंच एक जुनं, आयतं मऊ झालेलं होल्स्टर मिळवलं आणि मला कौतुकाने दाखवलंही. मी छान म्हटलं.

काही महिन्यांनी रेंजवर पिस्तूल परत खोचताना त्या चामड्याची कड आत दुमडली आणि ट्रिगरच्या कड्यात शिरली. अडलं म्हणून त्याने जोर लावला. त्याचं पिस्तूल स्ट्रायकरचं, बाहेरून लावायचा सेफ्टीचा खटका नसलेलं. गोळी मांडीच्या मांसातून आरपार गेली. हाड आणि मोठी रक्तवाहिनी वाचली, हे नशीब. इस्पितळात त्याच्या बायकोने विचारलं, ‘काका, हे तुम्हीच सांगितलं होतं ना?’ मी हो म्हटलं. पुढे मला काही सुचलं नाही, आणि तिला ऐकायचंही नव्हतं.

रात्री माझं होल्स्टर दिव्याखाली धरलं. कड तशीच आत वळलेली. माझंही पिस्तूल खोचताना अधूनमधून अडायचं, आणि मीही जोर लावायचो. फरक एवढाच, की माझ्या पिस्तुलाला अंगठ्याने लावायचा खटका होता आणि तो लावलेला असायचा. अपघात माझ्याकडेही घडू पाहत होता. खटका तो थोपवत होता, आणि श्रेय होल्स्टर घेत होतं.

बरं, खटका बाजूला ठेवू. मी ३,००० वेळा काही न होता पिस्तूल खोचलं असं धरलं, तरी आकडेशास्त्र ९५ टक्के खात्रीने इतकंच सांगतं, की अपघाताचं प्रमाण हजारात एकाहून कमी असावं. रोज दोनदा खोचणाऱ्याचे हजार वेळा दीड वर्षाच्या आत भरतात. हा हिशेब मी कारखान्यात नव्या पोरांना फळ्यावर शिकवत असे.

डेप्युटींना नंतर विचारलं, तेव्हा तुम्ही गप्प का बसलात? म्हणाले, ‘तुम्ही फार खात्रीने बोलत होतात.’

तरुण चालताफिरता झाला. माझ्या घरी येणं त्याने बंद केलं. रेंजवर तर तो पुन्हा दिसलाच नाही. मी कायडेक्स घेतलं. तुम्हाला कुणी वर्षानुवर्षं वापरलेलं होल्स्टर सुचवलं, तर त्यात पिस्तूल कोणतं असायचं ते आधी विचारा. सुचवणारा मी असेन, तर वहीसुद्धा मागा.