आधी ओव्या बाहेर काढ

प्रिय विनय,

येत्या शनिवारी वेस्टर्न डिजिटलचा माय बुक लाइव्ह हा नेटवर्क डिस्कचा डबा उघडून त्यात ओपनडब्ल्यूआरटी हे फर्मवेअर घालणार असं तू लिहिलंयस. म्हणून सांगलीच्या गप्पा मागे ठेवतो आणि आधी त्यावरच लिहितो.

नव्या लॅपटॉपला डबा दिसत नाही, यात बिघाड कुणाचाच नाही. डबा 2010 च्या सुमाराचा. त्यातलं फाइल शेअरिंग एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीच्या जोरावर चालतं, आणि 2017 च्या शेवटापासून विंडोज 10 च्या नव्या इन्स्टॉलेशनमध्ये ती आवृत्ती आपोआप येत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय त्या जुन्या एसएमबीतल्या भोकातूनच जगभर पसरला होता. ब्रिटनमधल्या हॉस्पिटलांची काय दैना झाली होती ते आठवत असेल. ‘कंट्रोल पॅनेलमधून जुनं एसएमबी परत चालू कर’ हा सल्ला तू मानला नाहीस, फार बरं केलंस.

‘कंपनीने डबा वाऱ्यावर सोडलाय, आता दुसरं फर्मवेअर टाक’ हा दुसरा सल्ला मात्र तू मनावर घेतलायस. त्यातला पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. माय बुक लाइव्हला शेवटचं अपडेट 2015 मध्ये आलं. मग जून 2021 मध्ये एके दिवशी जगभरच्या लोकांनी आपापला डबा उघडून पाहिला, तर फोल्डर जागच्या जागी आणि आत काही नाही. वर्षानुवर्षांचे फोटो गेलेले, आणि लॉगमध्ये फॅक्टरी रिसेट झाल्याची नोंद. डबा कोरा करण्याचा हुकूम इंटरनेटवरून कुणीही, पासवर्ड न देता, सोडू शकत होतं. आधी ओळख विचारणाऱ्या ओळी कोडमध्ये होत्या, पण त्या कॉमेंट करून ठेवलेल्या, त्यामुळे चालतच नव्हत्या. ही चूक एप्रिल 2011 मध्ये लॉगिनचा भाग नव्याने लिहिताना घुसली, असं वेस्टर्न डिजिटलनेच नंतर जाहीर केलं. म्हणजे दहा वर्षं ते दार सताड उघडं होतं. तुझा डबा वाचला तो राउटरच्या आड होता म्हणून.

त्यामुळे ‘कंपनीचं ते सुरक्षित, बाकीचं धोक्याचं’ असं मी म्हणणार नाही. मला या हौशी फर्मवेअरवाल्यांबद्दल मनापासून आदर आहे. 2004 साली लिंक्सिसचा एनएसएलयू-2 आला. रॅम 32 एमबी, फ्लॅश 8 एमबी, हार्ड डिस्क यूएसबीने बाहेरून जोडायची. एवढ्याशा यंत्रात लोकांनी अख्खं डेबियन बसवलं आणि त्याच्यावर गाण्यांचे, फाइलींचे सर्व्हर चालवले. ओपनडब्ल्यूआरटीचा जन्मही असाच. लिंक्सिसला डब्ल्यूआरटी54जी राउटरचा सोर्स कोड जीपीएल लायसन्समुळे खुला करावा लागला आणि त्यावर लोकांनी काम सुरू केलं. हे लोक नसते तर कितीतरी चांगली यंत्रं भंगारात गेली असती.

पण तुझ्या डब्याची रचना वेगळी आहे, आणि ती समजून न घेता शनिवारी बसलास तर घात होईल.

बऱ्याच यंत्रांत फर्मवेअर बोर्डावरच्या फ्लॅश चिपमध्ये असतं आणि डिस्कवर फक्त आपला डेटा. माय बुक लाइव्हमध्ये बोर्डावर बूटलोडर तेवढा असतो. बाकीचं सगळं फर्मवेअर तुझ्या फोटोंच्याच डिस्कवर, पहिल्या काही पार्टिशनांत बसलेलं असतं. फोटो शेवटच्या मोठ्या पार्टिशनमध्ये. आता तू ज्या सूचना वाचतोयस त्यांत ‘डिस्क संगणकाला जोडा आणि इमेज डीडीने लिहा’ असं एक साधं वाक्य असेल. ती इमेज डिस्कच्या अगदी सुरुवातीपासून लिहिली जाते आणि पहिला फटका पार्टिशन टेबललाच बसतो. फोटो त्या क्षणी पुसले जात नाहीत, पण ते कुठून सुरू होतात हे सांगणारा तक्ता गेलेला असतो. जाणकार माणूस अजूनही ते शोधून काढू शकेल. पण नवं फर्मवेअर सुरू झाल्यावर समोर ‘रिकामी जागा’ दिसते, माणूस आनंदाने ती फॉरमॅट करतो, आणि मग जाणकाराच्याही हातात फारसं काही उरत नाही.

डीडी या कमांडबद्दल आणखी एक. तो कधीही ‘नक्की ना?’ असं विचारत नाही. एसडीएच्या जागी एसडीबी लिहिलं तर मुकाट्याने दुसरी डिस्क पुसून मोकळा होतो. ऑफिसात आमचा नियम आहे: आधी डिस्कची यादी दाखवणारं एलएसबीएलके चालवायचं, डिस्कचं मॉडेल आणि साइज मोठ्याने वाचायची, शेजारच्याने ‘हो’ म्हटल्यावरच एंटर. घरी शेजारी वहिनींना बसव. त्यांना लिनक्स येत नसलं तरी चालेल, डिस्कवरच्या लेबलवरचे आकडे त्यांना वाचता येतात.

‘बिघडलंच तर डिस्क काढून लॅपटॉपला लावीन आणि फोटो घेईन’ असं तू लिहिलंयस. हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकली, कारण तसं होत नाही. या डब्यात पॉवरपीसी प्रोसेसर आहे आणि कंपनीने त्याच्या मेमरीचं पान 64 केबीचं ठेवलंय. त्यामुळे डेटा पार्टिशनचा ईएक्सटी4 ब्लॉकसुद्धा 64 केबीचा. आपल्या नेहमीच्या संगणकांत पान 4 केबीचं असतं, आणि वापरात असलेली बहुतेक लिनक्स एवढा मोठा ब्लॉक माउंट करत नाहीत. विंडोजचा तर प्रश्नच नाही. ते ‘फॉरमॅट करू का?’ म्हणून विचारेल. डिस्क धडधाकट असताना एरर येतो, माणूस घाबरतो, दुरुस्तीची भलतीच कमांड चालवतो आणि चांगल्या डेटाची वाट लावतो. हे माहीत असलं तर मार्ग आहे. डीबगएफएस किंवा फ्यूज-ईएक्सटी2 वापरून त्या फाइली वाचता येतात, बाहेर काढता येतात. वेळखाऊ आहे, पण होतं. फक्त हे संकटात शिकायचं काम नव्हे.

आता डिस्कच्या तब्येतीकडे बघ. तुझ्या डब्यात वेस्टर्न डिजिटलची ग्रीन मालिकेतली डिस्क असणार. वीज वाचवण्यासाठी ती साधारण 8 सेकंद काम नसलं की हेड बाजूला नेऊन ठेवते. नवं काम आलं की परत आत आणते. अशा फेऱ्यांसाठी 3,00,000 ची मर्यादा धरलेली असते. समजा नवी सिस्टिम दर 10 सेकंदांनी लॉगमध्ये एक ओळ लिहितेय. दिवसाला 8,640 फेऱ्या झाल्या. तीन लाखांचा आकडा पाच आठवड्यांत पार! ओपनडब्ल्यूआरटी लॉग रॅममध्ये ठेवतं, तेवढा धोका कमी. पण त्याऐवजी डेबियन टाकायचं ठरवलंस तर ते डिस्कवर लिहिणार. शिवाय या डब्यात पंखा नाही. काम नसताना डिस्क झोपवायचं काम कंपनीचं फर्मवेअर करत होतं. नव्यात ते तुला स्वतः लावावं लागेल, नाहीतर डिस्क रात्रंदिवस फिरत राहील आणि बंद प्लॅस्टिकच्या खोक्यात तापत राहील. स्मार्टसीटीएल चालवून 193 नंबरची ओळ, लोड सायकल काउंट, आजच वाचून ठेव. एवढ्या जुन्या डिस्कचा तो आकडा आधीच मोठा असणार.

इमेज कुठून घेणार हे तू लिहिलं नाहीस. ओपनडब्ल्यूआरटीच्या स्वतःच्या साइटवरून घेतलीस, तिथला एसएचए-256 आकडा ताडून पाहिलास, तर माझी हरकत नाही. तिथे निदान कोड उघडा असतो आणि बघणारे बरेच असतात. पण कुणीतरी आपल्या सोयीने तयार केलेली, फाइल शेअरिंगच्या लिंकवरून उतरवायची ‘रेडीमेड’ इमेज असेल तर नको. मार्च 2024 मधलं एक्सझेडचं प्रकरण आठव. जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असणाऱ्या त्या लायब्ररीत कुणीतरी फार चिकाटीने विश्वास कमावून चोरदरवाजा बसवला होता. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला एसएसएच लॉगिनला जेमतेम अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, तो खोलात शिरला म्हणून ते उघडकीला आलं. अनोळखी माणसाच्या तयार इमेजवर असा जागता फ्रॉइंड कुणी नसतो. आणि फर्मवेअर म्हणजे घरातल्या नेटवर्कच्या आत, रूटच्या हक्काने, चोवीस तास चालणारा प्रोग्रॅम. तो फोटो दाखवतोय एवढ्यावरून तो आणखी काय करतोय हे कळत नाही.

मात्र चांगली इमेज घेतलीस तरी राखण आता तुझ्याकडे आली. नव्याने बसवलेल्या ओपनडब्ल्यूआरटीला रूटचा पासवर्ड नसतो. तो पहिल्या पाच मिनिटांत ठेवायचा. सुरक्षेची अपडेट आपणहून लागत नाहीत, ती बघून लावायची, आणि मोठं अपग्रेड त्याच डिस्कवर लिहितं. हे पुढची काही वर्षं नेमाने करशील का? तुझा स्वभाव मला माहीत आहे. नवं बसवायला तू रात्र जागशील, पण सहा महिन्यांनी त्याच्याकडे ढुंकून पाहणार नाहीस. तसं होणार असेल तर तो डबा फक्त घरातल्या घरात ठेव आणि राउटरमधून त्याचं बाहेर जाणं बंद करून टाक.

माईताईंनी कोल्हापूरच्या दवाखान्यातला डी-लिंकचा दोन डिस्कचा डबाही तुझ्याकडून असाच करून घ्यायचं म्हटलंय, त्याचं उत्तर सरळ ‘नको’ असं आहे. डी-लिंकच्या डीएनएस-320एल, 325, 327एल, 340एल या मॉडेलांत फॅक्टरीतून आलेलं, पासवर्डच नसलेलं एक लपलेलं खातं आहे. ते एप्रिल 2024 मध्ये बाहेर आलं तेव्हा असे 92,000 हून जास्त डबे इंटरनेटवर उघडे असल्याचं सांगितलं गेलं. कंपनी म्हणाली, मॉडेल जुनी झाली, दुरुस्ती मिळणार नाही, बदला. त्या डब्यात फर्मवेअर फ्लॅश चिपमध्ये असतं. लिहिता लिहिता वीज गेली तर डबा ब्रिक. मग बोर्डावर सिरियल केबल लावून बूटलोडरशी बोलायचं, ती केबल 3.3 व्होल्टची लागते, चुकून 5 व्होल्टची लावली तर बोर्ड जळण्याची भीती. पेशंटच्या कागदपत्रांवर असले खेळ करायचे नाहीत. मी पुढच्या महिन्यात तिकडे जाणार आहे; त्यांना म्हणावं, तोवर इंटरनेटपासून तोडून ठेवा, नवा घ्या, डेटा मी हलवून देतो.

तुझ्याकडे परत येतो. त्या डब्यात काय आहे ते मला माहीत आहे. नानांच्या निगेटिव्ह तू एकेक करून स्कॅन केल्यास. आणि काकूंच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या, मध्येच त्या थांबून ‘पुढची आठवत नाही रे’ म्हणतात ते रेकॉर्डिंग. माझ्याकडे त्यातल्या थोड्याच आहेत. बाकीच्या जगात फक्त त्या एका डिस्कवर आहेत, आणि काकू आता नाहीत. फर्मवेअर कुणाचंही असो, एकुलत्या एक प्रतीवर प्रयोग करायला माझा ठाम विरोध आहे.

तेव्हा शनिवारी डबा उघडू नकोस. त्याऐवजी दोन नव्या डिस्क विकत आण. डबा केबलने राउटरला जोड, वायफायच्या भरवशावर राहू नकोस. विंडोजला दिसत नसला तरी डब्याच्या सेटिंगमध्ये एफटीपी चालू करता येतं, त्यावरून कॉपी काढ. एफटीपीत फाइलींच्या तारखा बऱ्याचदा बदलतात, म्हणून एसएसएच आणि आरसिंक जमलं तर उत्तम. सेकंदाला 50 एमबी धरले तरी 2 टीबीला 11 तास लागतात, आणि हजारो छोटे फोटो असले की त्याहूनही जास्त. घाई करू नकोस. कॉपी झाल्यावर फाइलींची संख्या आणि एकूण साइज दोन्हीकडे जुळव, मग मधल्याच कुठल्यातरी चार ओव्या शेवटपर्यंत ऐक. एक कॉपी तुझ्याकडे, दुसरी कुणी येत असेल त्यांच्याबरोबर माझ्याकडे पाठव.

मग खुशाल प्रयोग कर. आणि इथे तुझ्या डब्याची तीच विचित्र रचना तुझ्या फायद्याची आहे: फर्मवेअर डिस्कवर असल्यामुळे जुनी डिस्क काढून, लेबल लावून कपाटात ठेवायची आणि आणखी एका कोऱ्या डिस्कवर ओपनडब्ल्यूआरटी लिहून ती आत बसवायची. नाही जमलं, तर जुनी परत लावली की डबा होता तसा. फ्लॅशवाल्या यंत्रांत ही चैन नाही.

संख्या जुळल्याचा निरोप पाठव, म्हणजे इन्स्टॉल करताना मी फोनवर थांबतो. तुमच्याकडे सकाळचे दहा म्हणजे आमच्याकडे दुपार, मला रविवार चालेल. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत