पुसलेलें चित्र

वर्गांत शिरतांच फळ्यावर आपलेंच चित्र दिसावें, हा प्रसंग माझ्या नोकरीच्या पहिल्याच वर्षीं माझ्यावर आला. पुस्तकावरून डोकावणारें लांब नाक आणि ऐन पंचविशींत विरळ झालेले, ताठ उभे केस! मीं कांहीं न बोलतां तें पुसून टाकलें, आणि त्या तासाला बर्कचें भाषण अंमळ अधिकच कठोरपणें शिकविलें.

पुढें बऱ्याच वर्षांनीं जेम्स गिलरेचीं व्यंगचित्रें माझ्या पाहण्यांत आलीं. गिलरे जन्मला १७५६ सालीं, चेल्सी येथें. बाप फाँटनॉयच्या लढाईंत हात गमावलेला शिपाई. अक्षरें कोरणाऱ्या कारागिराजवळ उमेदवारी करून हा मुलगा रॉयल अकॅडमीच्या शाळेंत गेला. पुढें हॅना हंफ्री या चित्रविक्रेत्या बाईच्या घरीं राहून तो तांब्याच्या पत्र्यावर चित्रें कोरी, आणि तिच्या दुकानाच्या खिडकीपुढें लंडनकरांची झुंबड उडे. १८०५ सालच्या त्याच्या चित्रांत पिट आणि नेपोलियन पृथ्वीचें पुडिंग कापून घेत आहेत. वस्तुतः मध्यम उंचीचा नेपोलियन जगाला बुटका वाटतो, तो बव्हंशीं अशा चित्रांमुळेंच.

सालबाईच्या तहामुळें वॉरन हेस्टिंग्ज आपणांस परका नाहीं. १७८६ सालीं गिलरेनें त्याला उंटावर बसवून बर्क, फॉक्स व नॉर्थ यांना त्याच्यावर तुटून पडणारे दरोडेखोर ठरविलें. १७८८ सालीं तोच हेस्टिंग्ज थर्लोच्या खांद्यावर बसून, पैशाच्या थैल्या सांभाळीत, हिंदी लोकांच्या प्रेतांनीं भरलेला रक्ताचा समुद्र ओलांडीत आहे! ही निःपक्षपाती दृष्टि, कीं निव्वळ दुकानदारी? १७९७ पासून कांहीं वर्षें त्याला सरकारकडून सालीना २०० पौंड मिळत, हें कळलें तेव्हां माझें मन खट्टू झालें.

परंतु कॅनिंगसारखा महत्त्वाकांक्षी तरुण आपणांस गिलरेच्या चित्रांत स्थान मिळावें म्हणून खटपट करीत होता, हें वाचून मी मनाशीं ओशाळलों. ज्या मानासाठीं तो झटला, तो मला फुकट मिळाला होता.

गिलरेची दृष्टि पुढें अधू झाली, मागोमाग बुद्धिभ्रंश झाला, आणि वॉटर्लूच्या लढाईपूर्वीं अवघे सतरा दिवस, १ जून १८१५ रोजीं, तो वारला.

माझा चित्रकार कोण, हें मीं कधींच विचारलें नाहीं. त्या दिवसानंतर मात्र त्या वर्गांत फळ्यावर कोणीं एक रेघहि ओढली नाहीं. तेव्हां मला त्या शिस्तीचा अभिमान वाटला होता.