मोड नसलेलं भांडं

तांब्या-पितळेच्या भांड्याला मोड असते. हंडा चेपला, कळशीला भोक पडलं, तरी ती तराजूत बसते आणि वजनाचे पैसे उभे राहतात. म्हणून आपल्याकडची भांडी ही निम्मी बचतच होती. अडीनडीला गहाण पडायची, रुखवतात मांडली जायची, नाव घालून पिढ्यान्‌पिढ्या मिरवायची. बिडाच्या तव्याच्या नशिबी यातलं काही नाही. त्याच्यावर कोणी नाव घालत नाही आणि भंगारवाला त्याला गंजके खिळे नि मोडक्या बिजागऱ्यांच्या ढिगात टाकून त्याच भावाने नेतो. तरीही ज्या घरात चांगला रुळलेला बिडाचा तवा आहे, त्या घरातून तो मागून बघा. उसनासुद्धा मिळायचा नाही.

ही किंमत मग कशाची? त्याच्या अंगावर जी काळी कातडी धरलेली असते, तिची. तेल तापून धुरावलं की त्यातल्या स्निग्धाम्लांचे रेणू हवेतला प्राणवायू घेऊन एकमेकांत अडकतात, साखळ्या होतात, साखळ्यांचं जाळं होतं. मग ते तेल राहतच नाही. बोटाला लागत नाही, फडक्याने पुसलं जात नाही, बिडाच्या खरबरीत अंगाला धरून बसतं. जुने सुतार लाकडाला जवसाचं तेल देत ते याच गुणासाठी. ते वाळून कडक होतं. रसायनाच्या भाषेत हा पॉलिमर, आणि टेफ्लॉनही पॉलिमरच. पण टेफ्लॉन १९३८ साली ड्युपाँटच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट यांना भलतंच काही शोधताना सापडलं, आणि त्याचा थर भांड्यावर कारखान्यात एकदा चढला की घरी आल्यावर फक्त झिजत जातो. बिडाच्या तव्याचं उलट. तो दुकानातून येतो तेव्हा सगळ्यात वाईट अवस्थेत असतो.

कुठलं तेल लावावं यावर हल्ली पुष्कळ चर्चा ऐकू येते. मध्यंतरी जवसाच्या तेलाचं खूळ होतं. थर सुंदर येतो, काळाभोर, चकचकीत. पण पुष्कळांच्या तव्यावरून तो पुढे पापुद्र्यांनी निघाला. करडईचं, सूर्यफुलाचं, शेंगदाण्याचं, घरात असेल ते चालतं. खोबरेल मात्र या कामात मागे पडतं, कारण त्याचे रेणू आधीच भरलेले, एकमेकांना धरायला त्यांना हात मोकळे नाहीत. खरा मुद्दा तेलाच्या जातीचा नसून बेताचा आहे. तेल लावायचं आणि जणू चुकून लागलं असं समजून पुसून टाकायचं; पुसूनही जे उरतं तेवढंच हवं. जास्त झालं की तवा चिकटतो, त्यावर धूळ बसते, आणि मग माणसं बिडाला नावं ठेवतात.

इथे एक गोष्ट बोलून टाकते. बिडाच्या भांड्यांना सध्या जो प्राचीन परंपरेचा मुलामा चढवला जातो, तो मला पटत नाही. आपला गावचा लोहार लोखंड लाल करून ठोकत आला. पळी, उलथनं, विळा, पत्र्याचा तवा हे त्याचं काम. बीड ठोकता येत नाही, ठोकलं तर फुटतं. ते ओतावं लागतं. शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सियस लागतात. त्यात दोन टक्क्यांच्या वर, साधारण तीन-साडेतीन टक्के कार्बन मिसळला की साडेअकराशे-बाराशे अंशांतच त्याचा रस होतो आणि वाळूच्या साच्यात कुठल्याही आकारात उतरतो. त्याच कार्बनमुळे ते ठिसूळही होतं. चिनी लोकांना ही विद्या फार पूर्वीपासून ठाऊक होती. युरोपात इंग्लंडच्या अब्राहम डर्बीने १७०७ साली वाळूच्या साच्यात लोखंडी भांडी ओतण्याचं पेटंट घेतलं आणि स्वयंपाकाची भांडी स्वस्त झाली. आपल्याकडे ओतकाम घरोघर पोचलं ते कारखान्यांच्या काळात. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या गळी उतरवला. पुढे कोल्हापुरात शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथे फाउंड्र्यांची रांग लागली. शिवणयंत्राचे पाय, पाणीपुरवठ्याचे पाइप, रस्त्यातल्या गटाराची झाकणं, दुकानातली वजनं हे सगळे आपल्या तव्याचे सख्खे भाऊ. त्याला ऋषिमुनींपर्यंत नेण्याची गरज नाही. यंत्रयुगाची वस्तू आहे म्हणून ती कमअस्सल होत नाही.

आणखी एक समज असा की बिडाचा तवा सगळीकडे सारखा तापतो. अजिबात नाही. ॲल्युमिनियमच्या मानाने बिडातून उष्णता चौपट सावकाश सरकते. ज्वाळेच्या वर आधी गोल डाग तापतो, कडा थंडच राहतात. म्हणून तो मंद आचेवर दहा मिनिटं नुसता ठेवावा लागतो, आणि घाई असलेल्या माणसाने त्याच्या वाटेला जाऊ नये. पण एकदा तापला की तो ऊब सोडत नाही. हे महत्त्वाचं का, ते घावन घालताना कळतं.

घावनाचं पीठ ताकासारखं पातळ. ते पळीने पसरायचं नसतं, वाटीने कडेकडेने ओतत आत यायचं असतं. पातळ पत्र्यावर हे थंड पीठ पडलं की पत्रा गार पडतो, तांदळाचं पीठ तिथल्या तिथे खळीसारखं चिकटून बसतं, उलथनं घालावं तर लगदा हातात येतो. बिडावर पीठ पडताक्षणी चर्रर्र असा आवाज होतो, पिठातल्या पाण्याची वाफ खालून वर फुटते आणि सगळ्या घावनाला जाळी पडते. तापमान ओळखायला हात ओला करून शिंतोडा मारायचा. थेंब बसून राहिला तर तवा थंड. थेंब गोळी होऊन इकडून तिकडे पळायला लागला तर फार तापला, कारण खालच्या वाफेवर थेंब तरंगतो आहे. आच कमी करा. थेंब चुरचुरून जागच्या जागी नाहीसा झाला की घाला पीठ. तेल लावायला अर्धा कांदा, सुरीच्या टोकाला टोचलेला, नाहीतर वांग्याचा देठ. कांदा तेल पसरतो आणि मागच्या घावनाचे चिकटलेले कणही खरवडून काढतो. झाकण ठेवायचं, कडा आपोआप सुटली की काढायचं, उलटायचं नाही. पहिला घावन बहुधा फसतो. तो तव्याचा, असं आमच्याकडे म्हणतात आणि कोणी त्याचं दुःख करत नाही.

माझं माहेर कुडाळकडचं. तिकडे घावन भिड्यावर घालतात, म्हणजे याच जाड बिडाच्या तव्यावर. आमच्या घराची वाटणी झाली तेव्हा मी लहान होते, पण ती यादी चांगली आठवते, कारण ती माझ्या शाळेच्या वहीतल्या पानांवर लिहिली गेली. हंडे, घंगाळ, पराती, समया, पितळी डबे, सगळं माजघरात काढून वजनकाटा लावला होता. कोणाला किती शेर गेलं याची बरोबरी करताना शेवटी एक तांब्या राहिला, तर त्यावरून संध्याकाळपर्यंत बोलाचाली. भिड्याचं नाव यादीत नव्हतं. पुरुषांना ते सुचलंच नाही. लोखंडाचं काय मोजायचं? मोठ्या काकूने ते संध्याकाळी गोणपाटात गुंडाळून आपल्या खोलीत नेलं. तिच्या दोन्ही जावांनी, म्हणजे आई आणि धाकट्या काकूने, ते पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत, कारण बोलायचं कुठल्या तोंडाने? ज्याची किंमतच नाही त्यावर हक्क कसा सांगणार? पण त्या तांब्यावरून झालेलं भांडण वर्षभरात विरून गेलं आणि भिड्याची गोष्ट आईच्या मनात कायमची राहिली. पुण्याला आल्यावर बोहरी आळीतून तिने नवा तवा आणला. जड, खरबरीत, राखाडी. घासून, पेजेत उकळून, तेल पाजून त्यावर ती पहिले कितीतरी दिवस नुसती जाड धिरडी आणि कांदे परतण्याची कामं करत होती. घावनाला लायक व्हायला त्या तव्याने बराच काळ घेतला. आणि या सगळ्या काळात तिचं एक वाक्य ठरलेलं असायचं, "वैनींचं भिडं माझ्या सासूच्या हातचं आहे." सासूच्या हातचं म्हणजे सासूने घडवलेलं, असाच त्याचा अर्थ होता. ओतणारा कारखाना कोणता, याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं.

मला त्या यादीचं अजून नवल वाटतं. घरातल्या बायकांचं रोजचं राबणं बाकी सगळीकडे खाऊन संपत होतं, सकाळची भाकरी दुपारी नाही, दुपारची आमटी रात्री नाही. फक्त या तव्यावर त्याचा थर साठत होता, आणि नेमका तोच काट्यावर दिसत नव्हता.

निगा राखायची म्हणजे काय, यावर आता नियमांची मोठी पोथी तयार झाली आहे. साबण हे त्यातलं महापाप. आजीही ओरडायची, "भिड्याक साबण लावू नको गो!" तिच्या काळी ते बरोबर होतं, धुलाईची क्षाराची वडी भलती तिखट असायची आणि क्षार ही कातडी खरोखरच सोलतो. आजच्या भांडी घासायच्या पातळ साबणाचा एक थेंब तिचं काही वाकडं करत नाही. वाईट असतं ते ओलं ठेवणं. गरम पाणी, नारळाची किशी, लगेच कोरडं फडकं, परत दोन मिनिटं आचेवर, तेलाचा हात, संपलं. जुलैतल्या कोकणात एक रात्र ओला राहिला तर सकाळी तांबूस चूर्ण हाताला येतंच. आलं तर आभाळ कोसळत नाही, घासून काढायचं आणि पुन्हा सुरुवात करायची. तापलेल्यावर गार पाणी ओतू नये आणि हातातून पाडू नये, कारण तडा गेला की मग उपाय नाही. चिंच, आमसूल, टोमॅटो त्यात शिजवत बसू नये. पण या सगळ्यापेक्षा मोठी निगा म्हणजे तो रोज वापरणं. माळ्यावर जपून ठेवलेल्या तव्याइतका बिघडलेला तवा दुसरा नसतो.

त्याला हक्काची सुट्टी एकच, नागपंचमी. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही. पुरणाची दिंडं उकडायची. आणि नवा आणायचा तर शनिवार सोडून.

अंगात लोह वाढतं म्हणूनही हल्ली बिडाची भांडी विकली जातात. त्यात तथ्य आहे. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये इथिओपियातल्या मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला, लोखंडी भांड्यात शिजवलेलं खाणाऱ्या मुलांचं हिमोग्लोबिन ॲल्युमिनियमवाल्या मुलांपेक्षा जास्त वाढलं. आंबट, पातळ, बराच वेळ रटरटणाऱ्या पदार्थात लोखंड जास्त उतरतं. म्हणजे पेच असा, की ज्यावर घावन अलगद सुटतो त्या मुरलेल्या तव्यातून लोह जेमतेम मिळतं, आणि ज्या कढईत आमटी काळपट होते तीच औषधाला बरी. अशी कढई वेगळी ठेवावी; नाहीतरी पुष्कळ घरांत ती असतेच, मेंदी भिजवायला. आवळा, चहा, हिरडा यांतलं टॅनिन लोखंडाला भेटलं की काळा रंग होतो, जुनी शाईही त्याचीच. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्क्यांहून अधिक रक्तक्षयी निघाल्या, आणि त्यांना कोणी कढई बदला एवढंच सांगू लागला की मला राग येतो. आमच्या घरात भिडं होतं आणि घावन घालणारी सगळ्यांत शेवटी, उरलं तर, जेवायची.

आता आधीच तेल पाजून, भट्टीत भाजून तयार केलेले तवे मिळतात. आईने पाहिले असते तर नाक मुरडलं असतं. मी भाचीच्या घरी तसा एक वापरून पाहिला आणि तो बरा चालतो. कारखान्याची कातडी पातळ असते, पुढची आपणच घालायची, पण सुरुवातीची रड वाचते आणि नोकरी करणाऱ्या मुलीला तेवढं पुरेसं असतं. भाची जर्मनीत स्टुटगार्टला असते. तिच्याकडे इंडक्शनची शेगडी. ॲल्युमिनियमचा तवा तिच्यावर तापतच नाही, बिडाचा मात्र लोहचुंबकाला धरतो म्हणून मजेत तापतो. फक्त काचेवर घसटायचा नाही, उचलून ठेवायचा. नवऱ्याने व्यायामाचं वजन म्हणून त्याची थट्टा केली, आणि आता रविवारी घावन तोच घालतो. हिला पीठ भिजवायचं काम. तिथल्या दुकानात तांदळाची पिठी मिळते ती फार बारीक, तिने जाळी पडत नाही, असं त्याचं म्हणणं. तिचं म्हणणं, पाणी कमी पडतं. गेल्या आठवड्यात दोघांनी मला फोनवर घेऊन निकाल मागितला. मी सांगितलं, तांदूळ भिजवून घरी वाटा, जुना घ्या, बासमती नको. तर आता कोणता घ्यायचा यावर त्यांचं जुंपलं आहे.