नाक दाबल्यावर उघडणारे तोंड

सायनसच्या दुखण्यावर दिलेल्या स्टेरॉइडच्या फवाऱ्यानेच घोळणा फुटला, म्हणजे नाकातून रक्त आले, तर रुग्णाने औषधावर शंका घ्यावी की स्वतःच्या हातावर, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. सायनस म्हणजे चेहऱ्याच्या हाडांतील, नाकाशी अरुंद वाटांनी जोडलेल्या हवेच्या पोकळ्या. या वाटा सुजून बंद झाल्या की आत स्राव साचतो, गाल आणि कपाळ जड होते, वाकले की ठणका लागतो. फवारा ही सूज उतरवतो. परंतु नाकपुड्यांमधल्या पडद्याच्या पुढच्या भागात नाजूक रक्तवाहिन्यांचे जाळे असते आणि तुषार रोज तेथेच पडले, तर अस्तर कोरडे होऊन रक्त येते. फवाऱ्याचे टोक पडद्याकडे न वळवता बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या कानाच्या रोखाने धरावे, हे सांगायला अर्धे मिनिट पुरते. बाहेर रांग लागलेल्या दवाखान्यात नेमके तेवढेच राहून जाते, आणि विचारले तर डॉक्टरांना राग येईल म्हणून रुग्णही गप्प राहतो.

‘नाक दाबले की तोंड उघडते’ ही म्हण अडवणूक करून काम साधण्याबद्दल वापरली जाते. तिच्यात दाबणारा एक आणि तोंड उघडणारा दुसरा. घोळणा फुटल्यावर मात्र ही दोन्ही कामे एकाच माणसाची असतात: डोके मागे टाकण्याची घरोघरची सवय सोडून किंचित पुढे वाकायचे, कारण मागे टाकल्यास रक्त घशात उतरते, आणि नाकाचा मऊ भाग 10 ते 15 मिनिटे न सोडता दाबून तोंडाने श्वास घ्यायचा. लहान मुलाला कडू काढा पाजतानाही नाक दाबतात, पण तेथे तोंड उघडते ते गिळण्यासाठी. म्हणजे उघडलेले तोंड बोलेल, श्वास घेईल की गिळेल, हे म्हण सांगतच नाही. आणि दवाखान्यातील रुग्णाकडून बहुधा तिसरीच, म्हणजे मुकाट्याने गिळण्याची, अपेक्षा असते, हे मनाला खुपते. समीरा कोहली खटल्यात 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने संमतीआधी उपचाराचे स्वरूप, पर्याय आणि धोके रुग्णाला सांगणे आवश्यक मानले. पण तो खटला शस्त्रक्रियेचा होता, आणि फवाऱ्याच्या चिठ्ठीवर कोणी संमतीची सही घेत नाही.

विचारावे, हे तर खरेच. पण विचारून मिळालेले उत्तर पारखायचे कसे? अचानक उद्भवलेला सायनसचा संसर्ग बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतो आणि साधारण 10 दिवसांत आपोआप उतरू लागतो, तर फवाऱ्याचा पुरता गुण दिसायलाही कित्येकदा तितकेच दिवस जातात. त्यामुळे घाबरून फवारा सोडणारा बरा झाला काय आणि नेटाने चालू ठेवणारा बरा झाला काय, कोणाचा निर्णय बरोबर होता हे त्या बरे होण्यावरून ठरत नाही. एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त येत असेल, तर कारण निराळेही असू शकते आणि नाक आतून तपासून घ्यावेच लागते. मात्र ज्याच्या स्वतःच्याच तोडग्याने रक्त एकदा थांबले आहे, तो रुग्ण त्या तपासणीसाठी पुन्हा त्याच डॉक्टरांकडे जाईल का, हे सांगता येत नाही.