निळा पडदा
बंद करताना पुन्हा सुरू होणारा संगणक बिघडलेला वाटत नाही, हट्टी वाटतो. उंद्रीच्या आमच्या घरी २००६ साली तसेच वाटले. भारनियमनाची वेळ जवळ आलेली आणि आईकडून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या त्याच यंत्रात! विंडोज एक्सपीत बिघाड होताच आपोआप पुनरारंभ करण्याची सोय मुळातच चालू असे; म्हणून दोष सांगणारा निळा पडदा वाचण्यापूर्वीच मावळे. ती सोय काढली, पडदा स्थिरावला. ‘९एफ’ हा संकेत दिसला : कुठलासा ड्रायव्हर वीजस्थिती बदलण्याची आज्ञा पुरी करीत नव्हता. मोडेमचा ड्रायव्हर बदलताच यंत्र निमूट मिटले, ओव्या वाचल्या. अर्थ अडतो तिथे आपणही घाईने पान उलटतो. संहितेला मात्र नेमके तिथेच काही सांगायचे असते.