जुन्या पिकअपचे पासिंग

मालवाहू पिकअपला रस्त्यावर चालण्यासाठी योग्यता प्रमाणपत्र, म्हणजेच फिटनेस, लागते आणि ते मिळवण्यासाठी गाडी पासिंगला न्यावी लागते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५६ नुसार हे प्रमाणपत्र नसेल तर परिवहन वाहनाची नोंदणीच वैध मानली जात नाही. दंड होतोच, पण अपघात झाला तर विम्याचा दावाही वादात सापडतो. प्रमाणपत्राची मुदत केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ६२ ठरवतो. नव्या गाडीला पहिली दोन वर्षे मिळतात, पुढे आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी तपासणी होते आणि आठ वर्षांनंतर दरवर्षी. २०१८ पर्यंत पहिल्या दोन वर्षांनंतर लगेच वार्षिक तपासणी सुरू होत असे. आताच्या नियमात आठ वर्षे ओलांडलेली पिकअप खऱ्या अर्थाने जुनी ठरते.

धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीकाठच्या तेरमध्ये अशा जुन्या गाड्या भरपूर आहेत. तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात तगरचे कापड गाड्यांवर लादून, नीट रस्ते नसलेल्या मुलखातून भडोच बंदराला जात असल्याची नोंद आहे. आज इथला शेतमाल पिकअपवर लादून धाराशिव, लातूर, बार्शीच्या बाजारांत जातो. सोयाबीनचे कट्टे, तूर, कडबा, खत, दुधाचे कॅन, मंडपाचे सामान, बाजाराला न्यायची जनावरे हे सगळे एकाच हौद्यातून जाते. बोलेरो पिकअप किंवा टाटा २०७ सारखी गाडी एका कुटुंबाचा संसार चालवते, आणि नवी घ्यायची तर कर्ज काढावे लागते. त्यामुळे जुनी गाडी दरवर्षी भरवशाने पास होते का, या प्रश्नावर घराचे बरेच काही अवलंबून असते.

आमच्या घरची पिकअप आठ वर्षांची मर्यादा ओलांडून बरीच पुढे आली आहे. तिच्या अनुभवावरून याचे उत्तर देता येते. गाडीच्या वयाने पासिंग अडत नाही; वर्षभर चालढकल केलेल्या लहान दुरुस्त्यांनी अडते. इंजिन सहसा आड येत नाही. आड येतात ते ब्रेक, दिवे, स्टिअरिंग, टायर आणि धूर.

तपासणीला सुरुवात गाडीच्या ओळखीपासून होते. चॅसीवर ठोकलेला क्रमांक आरसी पुस्तकाशी जुळवला जातो. त्यासाठी त्या क्रमांकावर कागद धरून पेन्सिल घासतात आणि उमटलेला ठसा अर्जाला जोडतात. जुन्या गाडीत हे साधे कामही वेळ खाते, कारण क्रमांकावर वंगण, चिखल आणि रंगाचे थर बसलेले असतात. आमच्या गाडीचा एक आकडा रंगाखाली दबला होता. मिस्त्रीने तारेचा ब्रश न वापरता डिझेलमध्ये भिजवलेल्या चिंधीने तो हळूहळू मोकळा केला. तारेने घासल्यास आकड्याच्या कडा झिजतात, आणि पुसट झालेला क्रमांक ही मालकासाठी वेगळीच अडचण होऊन बसते. सोबत विमा, पीयूसी, भरलेला कर आणि परवाना यांची मुदत पाहिली जाते.

यानंतरचा सर्वांत महत्त्वाचा भाग ब्रेकचा. महाराष्ट्रात ही चाचणी गांभीर्याने घेतली जाऊ लागली त्यामागे पुण्याचे श्रीकांत कर्वे यांनी मुंबई उच्च न्यायालयात केलेली जनहित याचिका आहे. तपासणी पुरेशी न करताच प्रमाणपत्रे दिली जातात, हा त्यातला मुख्य मुद्दा होता. न्यायालयाच्या आदेशांमुळे परिवहन कार्यालयांना ब्रेक चाचणीसाठी २५० मीटरचा ट्रॅक असणे गरजेचे झाले. गाडी ठरावीक वेग घेते, निरीक्षक सांगेल तिथे ब्रेक दाबला जातो आणि ती सरळ थांबते की एका बाजूला ओढते, हे उघड्या डोळ्यांनी दिसते. नुसती उभी गाडी पाहून हे कधीच कळत नाही.

आमची गाडी एका वर्षी इथेच अडली. ब्रेक दाबल्यावर ती डावीकडे ओढत होती आणि हँडब्रेकही नीट धरत नव्हता. निरीक्षकाने उजव्या मागच्या चाकामागची ओलसर प्लेट दाखवली आणि दुरुस्ती करून आणायला सांगितले. गॅरेजमध्ये ड्रम उतरवल्यावर कारण स्पष्ट झाले. व्हील सिलेंडरमधले रबर कडक होऊन चिरले होते, तिथून ब्रेक ऑइल झिरपून लायनरवर आले होते आणि त्यात धूळ मिसळून काळा चिकट लेप बसला होता. तेल लागलेला लायनर ड्रमला धरत नाही, घसरतो. त्यामुळे त्या चाकाचा ब्रेक कमी पडतो आणि गाडी विरुद्ध बाजूला खेचली जाते. मिस्त्रीने डाव्या बाजूचेही किट आणि लायनर बदलले. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला झिजलेला लायनर ठेवला तर गाडी पुन्हा ओढते, म्हणून हे काम नेहमी जोडीने करायचे असते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते आणि सिलेंडर आतून गंजवते, तेव्हा तेही ठरावीक काळाने पूर्ण बदलावे लागते. वरून भर घालून भागत नाही.

दिव्यांच्या बाबतीत बल्ब गेला असे क्वचितच घडते. जुन्या पिकअपमध्ये दोष बहुधा अर्थिंगमध्ये असतो. मागचे दिवे हौद्याखाली असतात. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल तिथे थापला जातो, पत्र्याला टेकवलेली तार गंजते आणि इंडिकेटर लावला की ब्रेकचा दिवाही मिणमिणू लागतो. नवा बल्ब घालून हा दोष जात नाही. तारेचे टोक काढून, पत्रा घासून, बोल्ट पुन्हा आवळावा लागतो. हेडलाइटचा झोतही पाहिला जातो. मागचे पाटे बसले असतील तर गाडीचे तोंड वर होते आणि झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. याच वेळी पुढे पांढऱ्या आणि मागे लाल परावर्तक पट्ट्या, म्हणजे रेडियम, शाबूत आहेत का ते बघतात. उसाच्या हंगामात रात्रीच्या रस्त्यावर बंद पडलेली गाडी दिसते ती या पट्ट्यांमुळेच. त्यामुळे यात हयगय करणे म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळणे आहे.

स्टिअरिंगचा खेळ तपासायला दोन माणसे लागतात. एकाने केबिनमध्ये बसून चाक थोडे थोडे डावी-उजवीकडे हलवायचे, दुसऱ्याने गाडीखाली जाऊन टाय रॉडच्या सांध्यावर बोटे ठेवायची. सांधा सैल असेल तर चाक वळण्याआधीच बोटांना ठक्क असा धक्का जाणवतो. मुरमाच्या आणि खड्ड्यांच्या रस्त्यांवर टाय रॉड एंड आणि बॉल जॉइंट लवकर झिजतात. त्याची खूण टायरवरही उमटते, कारण पुढचे टायर एकाच कडेने खाल्ले जातात. नियमानुसार चारचाकीच्या टायरच्या खाचेची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी. नवे टायर टाकून पासिंग होते, पण झिजलेला सांधा तसाच राहिला तर काही महिन्यांत तेही टायर जातात. म्हणून आधी सांधे, मग अलाइनमेंट आणि शेवटी टायर, हा क्रम पाळला की खर्च एकदाच होतो.

धुराची चाचणी पीयूसी केंद्रावर होते. डिझेल गाडीचा अॅक्सिलरेटर झटकन पूर्ण दाबतात आणि बाहेर पडलेल्या धुराचा दाटपणा मोजतात. बीएस-४ च्या आधीच्या गाड्यांना ६५ हार्ट्रिज एकक आणि बीएस-४ गाड्यांना ५० ही मर्यादा आहे. जुन्या गाड्यांचे प्रमाणपत्र सहा महिने टिकते, बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांचे वर्षभर. काळा धूर दिसला की इंजिन उतरवायला आले असे समजून मालक धास्तावतो. बहुतेक वेळा एअर फिल्टर धुळीने तुंबलेला असतो किंवा नोझल खराब झालेली असते. खळ्यावर, मळणीच्या भुसात उभ्या राहणाऱ्या गाडीचा फिल्टर कंपनीने सांगितलेल्या अंतराच्या कितीतरी आधी भरतो.

बॉडीच्या बाबतीत मराठवाड्याची कोरडी हवा गाडीच्या बाजूने असते. कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत पत्रा जसा सडतो तसा इथे सडत नाही. मात्र रासायनिक खताची वाहतूक ही कसर भरून काढते. गोणीतून सांडलेले खत हवेतला ओलावा ओढते आणि हौद्याच्या सांध्यांतून पत्रा पोखरते. खताची खेप उतरली की हौदा झाडून, धुऊन, फाळका उघडा ठेवून वाळवणे हा त्यावरचा इलाज आहे. गाडीत केलेले फेरफारही तपासणीत अडतात. जास्त वजन पेलावे म्हणून पाटे वाढवणे, कडब्यासाठी हौद्याबाहेर येणारी लोखंडी चौकट जोडणे, मोठा हॉर्न बसवणे, स्पीड गव्हर्नर काढून टाकणे हे प्रकार गावोगाव दिसतात. मूळ रचनेत परस्पर बदल करायला कलम ५२ ची मनाई आहे.

हे दोष तेरच्या रस्त्यांपुरते नाहीत. ब्रिटनमध्ये १९६० साली दहा वर्षांवरील गाड्यांसाठी एमओटी ही वार्षिक तपासणी सुरू झाली आणि १९६७ मध्ये ती मर्यादा तीन वर्षांवर आली. तिथेही गाड्या नापास होण्याच्या कारणांत दिवे, सस्पेन्शन, ब्रेक आणि टायर हीच पुढे असतात. रस्ते, हवामान, गाड्या सगळे वेगळे असूनही झिजणारे भाग तेच आहेत, आणि हे सगळे भाग बदलता येण्याजोगे आहेत. जुन्या गाडीच्या मालकाला यातून खरा दिलासा मिळतो.

पुढच्या काळात तपासणी अधिक काटेकोर होणार आहे. स्वयंचलित चाचणी केंद्रांचे नियम सप्टेंबर २०२१ मध्ये आले. तिथे गाडी रोलरवर चढवून प्रत्येक चाकाचा ब्रेक यंत्राने मोजला जातो. ट्रॅकवर नजरेतून सुटणारा फरक तिथे आकड्यांत दिसतो. पंधरा वर्षांवरील गाड्यांचे शुल्कही १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दरांनी मोठ्या प्रमाणात वाढले; बस-ट्रकसाठी ते १,५०० वरून १२,५०० रुपये करण्यात आले. मुदत टळली तर दर दिवसाला ५० रुपये जादा शुल्काची तरतूद २०१६ च्या अखेरीस नियमांत आली आहे. गाडी अतिशय जुनी झाल्यावर ती पास होईल का याबरोबरच पास करून परवडेल का, याचाही हिशेब करावा लागतो.

पासिंग भरवशाचे व्हावे यासाठी आमच्या घरी कामांची वाटणी हंगामाप्रमाणे केली आहे. पेरणीआधी ब्रेक उघडून पाहायचे आणि वायपर, दिवे तपासायचे. पाऊस सरला की अर्थिंग साफ करून हौदा रंगवायचा. मळणी संपली की एअर फिल्टर बदलायचा. आमची मुदत दसरा-दिवाळीच्या सुमारास संपते आणि नेमके तेव्हाच सोयाबीन घरी येते. त्या दिवसांत गाडी उभी राहिली तर माल भाड्याच्या गाडीने न्यावा लागतो. म्हणून अर्ज मुदतीच्या आधीच करायचा आणि एखादी त्रुटी निघाली तर दुरुस्तीला अवधी ठेवायचा.

प्रमाणपत्राची एक मर्यादा मात्र लक्षात ठेवायला हवी. चाचणी रिकाम्या गाडीची आणि कमी वेगात होते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते, आणि हौद्यात दीड टन माल असेल तर ब्रेकवरचा भार आणखी वाढतो. ट्रॅकवर ३० च्या वेगात व्यवस्थित थांबलेली गाडी येडशीच्या घाटात भरल्या वजनाने ६० च्या वेगात तशीच थांबेल, याची हमी तो कागद देत नाही. त्या दिवशी गाडी किमान कसोटीला उतरली, एवढेच तो सांगतो. उरलेल्या वर्षभराची जबाबदारी मालकाची आणि चालकाची असते. ती नीट पार पाडली तर जुनी पिकअप पासही होते आणि रस्त्यावरच्या इतरांना तिच्यापासून धोकाही राहत नाही.