काकू, तुम्ही राहता कुठं?

माझ्या आत्याकडे अमेरिकेचं ग्रीन कार्ड आहे. म्हणजे ती राहते न्यू जर्सीतल्या एडिसनला, मुलगा-सुनेकडे, आणि नागरिक मात्र अजून भारताची. ऑगस्ट 2023 मध्ये आजी बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि आत्या दोन बॅगा घेऊन शिरवळला आली. दोन महिन्यांसाठी. आजी वॉकर धरून अंगणापर्यंत यायलाच दिवाळी उलटली. मग संक्रांत झाली, उन्हाळा लागला. आत्याच्या बॅगा माळ्यावर गेल्या.

मे महिन्यात आतेभावाने परतीचं तिकीट काढायला घेतलं आणि मला मेसेज केला, आईच्या पासपोर्टचा फोटो पाठव. पाठवला. दोन मिनिटांत त्याचा फोन. पासपोर्टची मुदत एप्रिलमध्येच संपली होती.

त्याचा घाबरा आवाज मला आधी कळेना. नवीन काढू की, त्यात काय. पण तिकडे दुसरंच घड्याळ चालू होतं. ग्रीन कार्डवाला माणूस सलग वर्षभर अमेरिकेबाहेर राहिला, की परत आत जायला ते कार्ड चालत नाही. जास्त राहायचं असेल तर री-एंट्री परमिट काढता येतं, पण त्याचा अर्ज तिथे असतानाच करावा लागतो. दोन महिन्यांसाठी निघालेली बाई ते कशाला काढेल? ऑगस्टच्या आत ती पोचली नाही, तर वकिलातीत जाऊन पटवून द्यायचं की उशीर आपल्या हातात नव्हता. आणि आतेभावाची मुलगी चार वर्षांची, रोज व्हिडिओ कॉलवर विचारणार, आज्जी कधी येणार.

रात्री शिफ्टवरून आल्यावर मी मोबाईलवर वाचत बसलो. सापडलं ते गमतीशीर होतं. अमेरिका ग्रीन कार्डवाल्याला परत येताना पासपोर्ट मागतच नाही, कार्ड पुरतं. अडवणार होतो आपण. पासपोर्ट कायद्याचं कलम 3 म्हणतं, वैध पासपोर्ट किंवा प्रवासाचा कागद असल्याशिवाय कुणी भारताबाहेर जायचं नाही. आपला माणूस परदेशात असताना पासपोर्ट संपला, तर दूतावास घरी यायला एकेरी कागद देतो, इमर्जन्सी सर्टिफिकेट. आत यायची अशी सोय आहे. उलट्या दिशेने, आपल्या घरातून मुलाच्या घरी जायला, तसलं काही नाही.

हा कायदाही मोठ्या भांडणातून आलाय. 1967 पर्यंत आपल्याकडे पासपोर्ट द्यायचा की नाही हे सरकारच्या मर्जीवर होतं. सतवंत सिंग सॉनी नावाच्या व्यापाऱ्याला पासपोर्ट परत करायला सांगितलं, तो सुप्रीम कोर्टात गेला. एप्रिल 1967 मध्ये पाचपैकी तीन न्यायाधीश म्हणाले, परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, कायदा केल्याशिवाय ते अडवता येणार नाही. मग सरकारने घाईने अध्यादेश काढला आणि 24 जूनला कायदा आला. म्हणजे माणूस कोर्टात जिंकला, म्हणून आपल्याला अडवायचे नियम लेखी मिळाले. मला हे आवडलं. आत्याला सांगितलं तर म्हणाली, "झोप आता."

फॉर्म भरताना मी म्हणालो तत्काळ करू, दोन हजार जास्त पडतील. ती म्हणाली, "साधाच भर. पंधराशेत होतंय तर कशाला?" एडिसनला वीस डॉलरची भाजी आणणारी बाई. मी काही बोललो नाही, साधा भरला. आतेभावालाही बोललो नाही.

जुन्या पासपोर्टवर पुण्याच्या फ्लॅटचा पत्ता होता. आतोबा गेल्यावर तो फ्लॅट विकला. शेवटच्या पानावर जोडीदार म्हणून आतोबांचं नाव होतं, ते काढायला मृत्यूचा दाखला लागणार होता. जूनमध्ये नीरेचा पूल ओलांडून, कात्रजच्या बोगद्यातून आम्ही मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रात गेलो. काम चटकन झालं. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात जुना पासपोर्ट होता, कोपरा कापलेला, रद्दचा शिक्का मारलेला. रिक्षात तिने शेवटचं पान उघडून बघितलं आणि पर्समध्ये ठेवला.

पोलीस पडताळणीला हवालदार घरी आले. चहा घेतला, कागद बघितले. पुण्याचा जुना पत्ता, अमेरिकेचं कार्ड, आधारवर शिरवळ.

"काकू, मग तुम्ही राहता कुठं?"

आत्याने आधी माझ्याकडे बघितलं, मग आजीच्या खोलीकडे. "हे माहेर आहे माझं," म्हणाली.

"माहेर बरोबर आहे ओ. राहता कुठं, ते लिहायचंय."

आतून आजी ओरडली, "हितंच राहती. लिही."

त्यांनी लिहिलं. शेजारच्या दोघांच्या सह्या घेतल्या आणि गेले. आत्या बराच वेळ कप विसळत होती. पुढे कितीतरी दिवस मला वाटायचं, हा अर्ज कुठंतरी अडकावा अशी तिची इच्छा असेल. विचारलं मात्र नाही. नात आणि आई यांच्यात निवड करायला कुणाला सांगायचं? मुदत संपलेला पासपोर्ट निदान तिच्या वतीने काही दिवस ते ठरवत होता.

जुलैत स्पीड पोस्टाने नवा आला. आजीने तो हातात घेतला, चष्मा लावला, मग माझ्याकडे दिला. "कधीपर्यंत चालतोय?"

"2034."

आजी शहाऐंशीची. बोटांवर मोजलं आणि हसली. आत्या उठून आत गेली.

तिकीट ऑगस्टच्या पहिल्या आठवड्याचं होतं, वर्ष भरायला थोडे दिवस राखून. मुंबईला इमिग्रेशनच्या काउंटरवर मिनिटही लागलं नाही, असं तिने आतून फोन करून सांगितलं. मग आजीच्या दुपारच्या गोळ्या कुठल्या डबीत आहेत, रात्रीची अर्धी कशी तोडायची, वॉकरचं रबर कुठून आणायचं, हे सांगत राहिली, बोर्डिंग सुरू होईपर्यंत.